धरण भरलंय ना? मग पक्षी बघायला थोडं थांबा

मागे एका दिवाळीत पुण्याचे आमचे दाजी नवी कोरी दुर्बीण घेऊन आले. त्या वर्षी जायकवाडी काठोकाठ भरलं होतं. दरवाजे उघडल्याचे फोटो घरोघरच्या मोबाईलवर फिरले होते आणि पैठणला पाणी बघायला जत्रा लोटली होती. एवढं पाणी आहे म्हणजे पक्षीही तेवढेच असणार, असा हिशेब दाजींनी मांडला. खरं सांगायचं तर मीही तोच मांडला होता. पहाटे निघालो, पिंपळवाडीच्या बाजूने काठावर पोचलो. नजर जाईल तिथवर पाणी. बाभळी कमरेपर्यंत बुडालेल्या. दोन बगळे, उगाच कावलेली एक टिटवी आणि कानात शिरणारा वारा, बस. तासाभराने दाजींनी दुर्बीण परत डब्यात घातली. "हेच का तुमचं पक्षी अभयारण्य?"

शेजारी जाळं आवरत बसलेल्या भोई मामांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, "आत्ता काय दिसणार, पाव्हणं? पाणी उतरू द्या, संक्रांतीच्या पुढं या. पाखराला उभं राहायला जागा नको का?"

जागा! आम्ही दोघं शिकलेसवरलेले, पण हा साधा मुद्दा आमच्या डोक्यात आला नव्हता. हिवाळ्यात ज्यांच्यासाठी लोक नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर येतात ते बहुतेक पक्षी खोल पाण्यात पोहणारे नसतात. रोहित, चित्रबलाक, चमच्या, शेकाट्या हे सगळे पाण्यात उभे राहून जेवणारे. पाय टेकले पाहिजेत आणि चोच तळाला लागली पाहिजे. बदकं पोहतात, पण तलवार बदक किंवा हळदी-कुंकू बदक पाण्यात बुडी मारत नाही. ते नुसतं डोकं खाली, शेपटी वर करून उलटं होतं आणि मान पोचेल तेवढ्यातच चरतं. त्याची मान जेमतेम फूट-दीड फूट खाली जाणार. धरण भरलं की त्यांचं ताट खोल पाण्याखाली गेलेलं असतं. तेव्हा मजा असते ती पाणकावळ्यांची, कारण ते बुडी मारून मासे धरतात.

आता नाथसागरच एवढा पाणपक्ष्यांचा का, हे कळायला धरणाचा आकार बघायला हवा. जायकवाडीची भिंत साधारण दहा किलोमीटर लांब आहे आणि उंची एकेचाळीस मीटरच्या आसपास. धरण मातीचं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये उद्घाटन केलं. (जायकवाडी हे गाव खरं तर बीड जिल्ह्यातलं. धरण तिथे बांधायचं ठरलं होतं. पुढे जागा पैठणला हलली, नाव मात्र जुन्याच गावाचं राहिलं.) पूर्ण भरल्यावर पाणी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं आणि एकूण साठा असतो २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार करून बघा, सरासरी खोली येते जेमतेम आठ मीटर. कोयनेचा साठा जवळपास एवढाच, पण ते पाणी दरीत उभं राहतं. तिथली सरासरी खोली याच्या तिप्पट भरेल.

घरातली उपमा द्यायची तर कोयना म्हणजे हंडा आणि जायकवाडी म्हणजे परात. हंड्यातलं पाणी चार बोटं उतरलं तर कडेला फारसा फरक दिसत नाही. परातीतलं पाणी चार बोटं उतरलं की कडेचा रुंद पट्टा उघडा पडतो. नाथसागराच्या कडेला हेच होतं, फक्त पट्टा किलोमीटरांत मोजावा लागतो. सपाट गोदाकाठ बुडवून धरण बांधलं, त्यात शंभराहून जास्त गावं गेली. त्या गावांच्या शिवाराचा मंद उतारच आज पक्ष्यांच्या पंगतीला उपयोगी पडतोय. धरण बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते, त्यांना कालवे काढायचे होते. १९८६ मध्ये ३४१ चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य जाहीर झालं, म्हणजे धरण झालं, पक्षी आले आणि मग सरकारी शिक्का बसला.

मराठवाड्यात माणूस एकमेकांना भेटला की पहिल्यांदा पाऊस विचारतो, नंतर जायकवाडीचा टक्का. हा टक्का पक्षी बघणाऱ्याच्याही कामाचा आहे, फक्त तो वाचायचा कसा ते कळायला हवं. बातमीत येतो तो उपयुक्त साठ्याचा टक्का. एकूण साठा १०२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातले २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. ते कालव्यात आपणहून येत नाही, उपसावं लागतं. उरलेले ७६ टीएमसी उपयुक्त, आणि टक्का त्यांचाच. म्हणून 'धरण शून्य टक्क्यावर' अशी बातमी आली तरी तळाशी पाव धरण शिल्लक असतं. आणि 'धरण निम्म्यावर आलं' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात एकूण पाण्यापैकी साठ टक्क्यांहून जास्त पाणी तिथे असतं. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात साठा शून्याच्याही खाली गेला होता. माणसांचे हाल झाले, लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तशा वर्षी पाणी काठापासून इतकं आत जातं की पक्षी असले तरी तुमच्या-आमच्या दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाहीत.

तेव्हा अमुक टक्क्याला जा, असा नियम मी सांगणार नाही. मी आकड्यापेक्षा आकड्याचा उतार बघतो. ऑक्टोबरपासून टक्का हळूहळू घसरत असेल, रब्बीची आवर्तनं, म्हणजे पिकांसाठी कालव्यातून सोडायचं पाणी, सुटली असतील, तर जानेवारी-फेब्रुवारीत कडा नक्की उघड्या पडलेल्या असतात. ऑक्टोबरात शंभर आणि डिसेंबरअखेरही नव्वदीतच, अशा वर्षी सहल महिनाभर पुढे ढकललेली बरी.

उघड्या पडलेल्या कडेत असं असतं तरी काय? दिसायला नुसता चिखल. पण हा गाळ नाशिकपासूनच्या शेतांतून वाहून आलेला असतो. काळ्या मातीबरोबर पालापाचोळा आणि शेणखताचा अंश घेऊन येणारा. चार-पाच महिने तो पाण्याखाली मुरतो. त्यात पाणवनस्पती रुजतात, शेवाळ धरतं, गोगलगायी वाढतात, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या लाल धाग्यांसारख्या वळवळत असतात. पाणी वीतभर राहिलं की सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो आणि ही सगळी सृष्टी जोरात येते. मग पाणी आणखी उतरतं आणि हे सगळं चोचीच्या टप्प्यात येतं. उद्या आणखी थोडं उतरेल, नवा ओला पट्टा उघडेल. आजचा पट्टा तोवर वाळून भेगाळायला लागेल, त्यावर कोवळं गवत उगवेल आणि ते खायला पट्टकादंब हंस उतरतील. पंगत रोज चार पावलं पुढे सरकत राहते. एकदम पाणी गेलं तर पट्टा पक्ष्यांना वेचता येण्याआधीच वाळतो, पाणी अडूनच राहिलं तर पट्टा उघडतच नाही.

कोरड्या मुलखातल्या तळ्यांची ही खोड आहे. बारा महिने सारखं पाणी असलेल्या तलावात मोठे मासे ठाण मांडतात आणि अळ्याबिळ्या फस्त करतात. जे तळं दरवर्षी आटतं तिथे माशांचं राज्य टिकत नाही. पाण्यातल्या कितीतरी बारीक जीवांची अंडी आणि वनस्पतींचं बी सुकलेल्या गाळात निपचित पडून राहतं आणि पहिल्या पावसात जागं होतं. म्हणजे आटणं हा तळ्याचा आजार नाही, ती त्याची रीत आहे. जायकवाडी कधी पूर्ण आटत नाही, पण त्याची कड दरवर्षी आटते, आणि जिवंत असते ती कडच. याचं छोटं रूप बघायचं असेल तर पैठणपर्यंत यायचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात खोदलेले पाझर तलाव मराठवाड्यात जागोजागी आहेत. फेब्रुवारीत ते गुडघाभर होतात, तेव्हा सकाळी तासभर बांधावर बसा. शेकाट्या तरी हमखास भेटेल.

काठावर बसल्यावर एक गोष्ट करून बघा: पक्ष्याचं नाव शोधायच्या आधी त्याचे पाय आणि चोच बघा. चिखल्या हा मुठीएवढा पक्षी. आखूड चोच, डोळे मोठे, पळत जाऊन वरवरचं टिपणार. तुतवार जरा ओल्यात, चोच बोटभर खुपसणारा. त्याच्या पुढे घोटाभर पाण्यात पाणटिवळा, लांब सरळ चोच गाळात पार मुळापर्यंत घालणारा. शेकाट्याचे पाय म्हणजे लाल काड्या, तो आणखी पुढे. चमच्या आपली पळीसारखी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, काही लागलं की मिटतो. चित्रबलाक उघडी चोच पाण्यात धरून पायाने चिखल ढवळतो आणि बिचकलेला मासा चोचीला लागताच पकडतो. सगळ्यात पुढे रोहित. तो मान खाली सोडून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळून बाहेर टाकतो, आपण चहा गाळतो तसं. चोथा, म्हणजे बारीक जीव आणि शेवाळ, पोटात जातो. त्यातल्याच रंगद्रव्यांनी त्याचे पंख गुलाबी होतात. त्यामुळे पिल्लू करडं असतं. थव्यात मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत.

वीतभर उतारावर एवढी बिऱ्हाडं एकमेकांच्या ताटात हात न घालता राहतात, ती पाण्याच्या खोलीत फरक आहे म्हणून. काठ जेसीबीने सरळ करून दगड लावले तर पाणी तेवढंच राहील आणि बिऱ्हाडं उठतील. तळ्यांच्या 'सुशोभीकरणा'वर माझा राग आहे तो याचसाठी.

पाहुण्यांपैकी पट्टकादंबाबद्दल सांगायलाच हवं. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस उन्हाळा तिबेट, लडाख, मंगोलियाकडे काढतो आणि हिमालय ओलांडून इकडे येतो. त्याचं रक्त विरळ हवेतला प्राणवायू नेहमीपेक्षा घट्ट धरतं. सात हजार मीटरहून उंच उडताना त्याची नोंद झाली आहे. इतकं करून तो इथे येतो आणि हरभऱ्याच्या रानात चरत बसतो. शेतकऱ्याला त्याचं कौतुक असतंच असं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही.

बाहेरगावच्या लोकांचा एक गोंधळ असतो, 'नॅशनल पार्क'चं गेट कुठे आहे? मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. महाराष्ट्रातली सहाही विदर्भ, मुंबई आणि सह्याद्रीत आहेत. नाथसागर हे अभयारण्य आहे, आणि हा फरक नुसता नावाचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लोकांचे काही हक्क, उदाहरणार्थ चराई, परवानगीने चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात गुरं नेता येत नाहीत. ऐकायला उद्यान जास्त चांगलं वाटतं. पण पाणथळ जागेत गोष्ट इतकी सरळ नसते, ते राजस्थानातल्या भरतपूरने दाखवून दिलं.

केवलादेव घना हे भरतपूरचं उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या नाथसागराच्या बाराव्या हिश्श्याएवढं. तेही कोरड्या मुलखात आणि तेही माणसानेच घडवलेलं. मुळात तो नैसर्गिक खोलगट भाग. अठराव्या शतकात सूरजमल राजाच्या काळात शेजारी अजान बांध झाला. पुढे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी आत बांध घालून, झडपा बसवून पाणी खेळवलं. १९३८ मध्ये व्हॉइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडल्याची नोंद तिथल्या दगडी फलकावर कोरलेली आहे. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींना बंदी झाली. आजूबाजूची गावं पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चारत होती. संघर्ष पेटला, गोळीबारात गावकरी मेले. आणि मग जे झालं ते कुणी धरलंच नव्हतं. म्हशी खात होत्या ते पाणगवत मोकाट वाढलं, उथळ पाणी गवताच्या गादीखाली झाकलं गेलं आणि बदकांना मोकळं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की तिथल्या पाणथळीला म्हशींचं चरणं उपकारकच होतं.

दुसरा धडा पाण्याचा. गंभीर नदीवर वरच्या बाजूला पांचना धरण झालं आणि त्याचं पाणी अडू लागल्यावर भरतपूर कोरडं पडायला लागलं. तिथे चित्रबलाक पावसाळ्याच्या शेवटी झाडांवर शेकड्यांनी घरटी करतात. पाणी आलं नाही त्या वर्षी घरटी नाहीत. शेवटी गोवर्धन ड्रेनमधून आणि चंबळच्या पाइपलाइनमधून पाणी आणावं लागलं. (सायबेरियन क्रौंच तिथे २००२ नंतर दिसलेच नाहीत. पण त्याला वाटेतली शिकारही मोठं कारण आहे, सगळं खापर पाण्यावर फोडू नये.) भरतपूरला जमलं तर जाऊन या. सायकल रिक्षावाल्यांची पक्ष्यांची जाण भल्याभल्या अभ्यासकांना लाजवेल.

वरच्यांनी पाणी अडवलं तर खालचे कोरडे, हे मराठवाड्याला राजस्थानात जाऊन शिकायची गरज नाही. पैठणच्या आसपास पाऊस बेताचाच, जायकवाडी भरतं ते नाशिक-अहिल्यानगरच्या बाजूला घाटात पाऊस झाला तर. वरची धरणं आधी भरतात. म्हणून तर पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचं ६५ टक्क्यांचं सूत्र आलं: ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत तेवढा साठा नसेल तर वरून पाणी सोडायचं. त्यावरून वारंवार कोर्टकचेरी होते, आणि त्या भांडणात पक्ष्यांचं वकीलपत्र कुणाकडे नसतं. वाटेत निफाडजवळचं नांदूर मधमेश्वर लागतं. तो जुना बंधारा गाळाने भरला आणि त्या गाळावरच महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतली जागा, उभी राहिली, २०२० मध्ये. ते पाणी पुढे आपल्याकडेच येतं.

नाथसागरावर भरतपूरच्या म्हशींची जागा गाळपेरीने घेतली आहे. पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या गाळात हरभरा, गहू, टरबूज पेरायचं. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना ती पाण्याबाहेर आल्यावर कसावीशी वाटणार नाही तर काय? पण नांगर, इंजिनाचा आवाज आणि औषधाची फवारणी थेट पाण्याच्या कडेपर्यंत गेली तर पंगतच उठते. मासेमारीचंही तसंच. जाळं ही भोयांची भाकरी आहे, पण टाकून दिलेल्या नायलॉनच्या तुकड्यात पाय अडकलेला पक्षी मी पाहिला आहे. मला विचाराल तर पाण्यालगतचा पट्टा पक्ष्यांना आणि वरचं रान माणसांना, असं हंगामापुरतं वाटून घेता येईल. सरसकट बंदीने काय होतं ते भरतपूरने पाहिलंय.

आता प्रत्यक्ष जायचं तर. संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. धरणाची भिंत पूर्वेला, पाणी पश्चिमेला पसरलेलं. म्हणून सकाळी पैठणच्या बाजूने बघितलं तर सूर्य पाठीशी राहतो आणि रंग खरे दिसतात. संध्याकाळी त्याच जागी सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. पिंपळवाडी, सोनेवाडी ही नेहमीची ठिकाणं. अहिल्यानगरच्या रस्त्याने जाणार असाल तर कायगाव टोक्याला प्रवरासंगमावर पुलाजवळ थांबा, धरणाच्या फुगवट्याचं ते वरचं टोक. जागा वर्षागणिक बदलते, म्हणून गावात शिरताना मासे घेऊन येणाऱ्याला विचारावं, "दादा, पाणी कुठवर हाय?" ॲपपेक्षा हे खात्रीचं. परवानगी आणि बंद भाग यांची चौकशी वनखात्याकडे आधी करून ठेवा.

गाळावर पाऊल टाकताना जपा. वरून पापुद्रा वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर लोणी असतं. एकदा बूट आत राहिला, तो मी हाताने उपसून काढला आहे. जिथे गुरांच्या खुरांचे ताजे ठसे आहेत तिथवरच जावं. आणि फोटोसाठी थवा उडवू नये. उडतानाचा थवा सुंदर दिसतो, पण हजारो किलोमीटर परत जायला चरबी साठवण्याच्या दिवसांत ती प्रत्येक उडी त्यांच्या खर्चात जाते. मार्च सरता सरता बहुतेक पाहुणे निघतात.

भोई मामांचा शब्द प्रमाण मानून आम्ही त्याच हंगामात, फेब्रुवारीत परत गेलो. बाभळी कोरड्या पडल्या होत्या, त्यांच्या बुंध्यावर जुन्या पाण्याची रेघ माझ्या छातीच्या उंचीवर होती. पाणी तिथून अर्धा-पाऊण किलोमीटर मागे गेलेलं. मध्ये हरभरा, मग गवत, मग चिखल, आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी गुलाबी धोतर वाळत घातल्यासारखी लांबच लांब रेघ. दाजींना ती रेघ हलते आहे हे कळायला पाच मिनिटं लागली. मग ते दुर्बीण सोडायलाच तयार होईनात. मामा तिथे होतेच. त्यांनी विचारलं, "झाली का जागा?"

तेव्हापासून पुण्याहून दर आठवड्याला फोन येतो, "जायकवाडी किती झालं?" मी आकडा सांगतो. पंचाण्णव म्हटलं की ते हळहळतात आणि माझ्या शेजारी बसलेले आमचे वडील, ज्यांचा ऊस डाव्या कालव्यावर आहे, ते टाळी वाजवतात.